नवी स्पोर्ट बाईक आधी मोकळी होऊ द्या, मग सजवा

सोलापुरात नवी गाडी शोरूममधून निघाली की तिची पहिली लांब फेरी बहुधा ठरलेली असते. कुणी तुळजापूरला जातं, कुणी अक्कलकोटला. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. घरातली मोठी माणसं बजावतात, "नवीन गाडी आहे, चाळीसच्या वर नेऊ नको." तेवढ्यात मित्र मोबाईलवर रील दाखवतो: पहिल्या दिवसापासून रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत) खेचा, नाहीतर गाडी आयुष्यभर मठ्ठ राहील. आणि तिसरा कुणीतरी सायलेन्सरचा भाव सांगत उभा असतो.

दोन्ही सल्ल्यांत थोडं थोडं तथ्य आहे. कोणतं आणि किती, हे कळायला इंजिनाच्या आत काय चाललंय ते बघायला हवं. एकदा ते कळलं की पहिले हजार किलोमीटर कसे चालवायचे आणि गाडीत काय बदल कधी करायचे, दोन्हींची उत्तरं आपोआप मिळतात.

आत काय घासतं?

कॉलेजच्या पोरांत सर्रास दिसणारी यामाहाची आर१५ उदाहरणाला घेऊ. १५५ सीसी, एकच सिलिंडर. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव) ५८.७ मिलिमीटर. सर्वात जास्त ताकद ती १०,००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) देते. त्या वेळी पिस्टन मिनिटाला दहा हजार वेळा वर-खाली होतो, म्हणजे त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर पडतो. सिलिंडरच्या भिंतीशी एवढी घासाघीस चालते, आणि मधे असतो फक्त केसाहूनही पातळ असा तेलाचा थर.

पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन जळत्या वायूचा दाब धरून ठेवतात, खालची भिंतीवरचं जास्तीचं तेल खरवडून परत खाली सोडते. बहुतेक इंजिनांत सिलिंडरची भिंत मुद्दाम पूर्ण गुळगुळीत ठेवत नाहीत. होनिंग करून तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा पाडतात. या रेघांत तेल धरून राहतं. रेघांच्या मधले सूक्ष्म उंचवटे आणि रिंगेची धार सुरुवातीला एकमेकांना घासतात, आणि घासता घासता रिंग त्याच सिलिंडरच्या आकाराला तंतोतंत जुळते. मिस्त्री 'इंजिन मोकळं होतंय' म्हणतो, तेव्हा मुख्यतः हेच चाललेलं असतं. गिअरचे दाते, क्लच प्लेटी, बेअरिंगा यांचंही थोड्याफार फरकाने तेच.

आता मुद्द्याची गोष्ट. रिंग भिंतीवर दाबली जाते ती फक्त स्वतःच्या स्प्रिंगमुळे नव्हे. पेट्रोल पेटल्यावर तयार झालेला वायू रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, थोडा जास्त उघडला की दाब जास्त, रिंग घट्ट टेकते. म्हणून गाडी सतत चाळीसवर रांगवत ठेवली तर रिंगा हव्या तशा टेकतच नाहीत. भिंतीवर उरलेलं तेल जळून त्याचा चकचकीत थर रेघांत भरतो, आणि मग ते उंचवटे घासणं थांबतं. अशी गाडी पुढे तेल पिते, निळसर धूर सोडते.

उलट पहिल्याच दिवशी रेडलाइनला टांगली, तर जे उंचवटे अजून झिजलेले नाहीत तिथे घर्षणाने जागच्या जागी उष्णता वाढते, तेलाचा थर तुटतो आणि भिंतीवर ओरखडे उठतात. ते पुन्हा भरून येत नाहीत.

चाळीसचा नियम खोटा नव्हता, जुना आहे. तो ज्या काळातला, त्या काळात सिलिंडर बिडाचे होते, मशीनकाम आजच्याइतकं नेमकं नव्हतं, तेलं साधी होती. आता बऱ्याच स्पोर्ट बाईकमध्ये ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक मुलामा असतो आणि होनिंगही बारीक असतं. बरंचसं काम कारखान्यातच होऊन येतं. उरलेलं काम आपलं.

मग चालवायची कशी?

आरपीएम बदलत ठेवा. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ. तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांवरून साडेचार-पाच हजारांपर्यंत भरदार पण सावकाश चढवा, मग थ्रॉटल सोडून गाडी इंजिनाच्याच ब्रेकने खाली येऊ द्या. दाब चढतो तेव्हा रिंग टेकते, उतरतो तेव्हा तेल पुन्हा पसरतं आणि उष्णता निघून जाते. थोड्या वेळाने गिअर बदला, पुन्हा तेच करा. आकडे मात्र तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच घ्या, कारण एक सिलिंडरची १५५ सीसी आणि दोन सिलिंडरची तीनशे सीसी यांची मर्यादा एक नसते. यामाहाची मॅन्युअलं साधारणपणे पहिले १,६०० किलोमीटर सांभाळायला सांगतात, त्यातही पहिल्या हजारांची मर्यादा वेगळी आणि पुढच्या सहाशेंची वेगळी. मॅन्युअल सीटखालच्या पिशवीत तसंच न पडू देता बाहेर काढून वाचा.

सोलापूरकरांची खरी अडचण इथेच आहे. आपल्याभोवती सरळसोट रस्ते. पुणे-हैदराबाद महामार्ग चौपदरी, विजयपूरकडे आणि तुळजापूरकडे जाणाराही तसाच. पुण्याच्या दिशेने निघालं की मोहोळपर्यंत थ्रॉटल एका जागी धरून जाता येतं, आणि नव्या इंजिनाला नेमकं तेच नको असतं. एकाच आरपीएमवर अर्धा तास चालल्याने रिंगेवरचा दाब बदलतच नाही. महामार्गानेच जायचं असेल तर मुद्दाम वेग खाली-वर करत जा, गिअर बदलत जा. मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज घेऊन डाव्या लेनमध्ये राहा, म्हणजे वेग उतरवला तरी कुणाची पंचाईत होत नाही.

तुळजापूरचा रस्ता मला यासाठी आवडतो, कारण पंचेचाळीसेक किलोमीटरच्या प्रवासात शेवटी घाट लागतो. चढावर इंजिनावर भार येतो, उतारावर तो सुटतो. फक्त चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी कुंथवू नका. आरपीएम कमी आणि थ्रॉटल पूर्ण उघडा, ही अवस्था जास्त आरपीएमपेक्षा वाईट. पिस्टनवर जोराचे धक्के बसतात, बेअरिंगवर भार येतो आणि तेलाचा पंप हळू फिरत असल्याने तेलही कमी पोचतं. टकटक ऐकू यायच्या आधीच एक गिअर खाली घ्या.

वेळही बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. कूलंट ९५ अंशांवर आणि पहाटेची हवा २० ची असेल, तर फरक ७५ चा. दुपारी हवा ४२ ची, फरक ५३. तेवढ्याच रेडिएटरची ताकद सुमारे तीस टक्क्यांनी घटली. म्हणून उन्हाळ्यात घेतलेली गाडी पहाटे किंवा ऊन उतरल्यावर मोकळी करा. सात रस्त्याच्या सिग्नलला पंखा घरघरला म्हणून घाबरू नका, तो त्याचं काम करतोय. कूलंट कमी दिसलं तर मात्र बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडचं जड पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार सोडतं. कंपनीने सांगितलेलं कूलंटच घाला.

सकाळी गाडी सुरू करून दहा मिनिटं जागेवर तापवत ठेवायची गरज नाही. अर्धा-एक मिनिट पुरे, मग हलक्या हाताने निघा. कूलंटचा काटा वर आला तरी इंजिन ऑइल आणि गिअर अजून थंडच असतात, म्हणून पहिले चार-पाच किलोमीटर सबुरीने घ्या.

पहिलं ऑइल

पाट्याला टाकी लावून घेतली की पहिलं वाटण टाकून देतात, कारण त्यात दगडाची कच येते. इंजिनाचं पहिलं तेलही तसंच. रिंगा, गिअर, क्लच सगळे घासून जुळताना जो धातूचा बारीक चुरा निघतो, त्यातला सर्वात जास्त याच काळात तेलात उतरतो. फिल्टर काही धरतो, पण अगदी बारीक कण फिरत राहतात. म्हणून पहिली सर्व्हिस चुकवू नका, 'अजून दोनशे किलोमीटर काढू' म्हणून लांबवू नका, आणि ऑइलबरोबर फिल्टरही बदलला का ते समोर उभं राहून बघा.

नवं ऑइल घेताना डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (मोटरसायकलच्या तेलाचं जपानी मानक) लिहिलेलं असावं. मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. त्यांनी क्लच प्लेटी घसरायला लागतात: आरपीएम चढतो, गाडी पुढे जात नाही.

टायर, ब्रेक, चेन

नव्या टायरची पकड पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंत पूर्ण नसते. पृष्ठभाग गुळगुळीत असतो, साच्यातून काढताना वापरलेल्या द्रव्याचा अंश असू शकतो. आडवं पडून वळण घ्यायची हौस तोवर थांबवा, आणि पुढे हळूहळू जास्त कलत जा, म्हणजे कडेचं रबरही खरवडलं जाईल. ऊसतोडणीच्या दिवसांत तर हे नीट पाळाच. ट्रॉल्यांतून पडलेली कांडी, पाचट आणि शेतातून चाकांबरोबर आलेला काळा चिखल, यांवर जुना टायरही घसरतो.

ब्रेकलाही रुळावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही असं बघून साठवरून वीसपर्यंत मध्यम जोराने वेग उतरवा, थोडं अंतर जाऊ द्या, पुन्हा उतरवा. पॅडचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसतो आणि चावा सुधारतो. तापलेल्या ब्रेकवर लिव्हर दाबून थांबून राहू नका, थर एका जागी चिकटतो.

इथेच पूजेचा विषय काढतो. पूजा मनापासून करा, पण हळद-कुंकू, तेल, तूप, नारळाचं पाणी डिस्कपासून आणि टायरपासून दूर राहू द्या. आणि हार काढून ठेवून मगच रस्त्याला लागा. स्पोर्ट बाईकचं हँडल खाली असतं, लोंबणारा हार वळताना थेट पुढच्या चाकाकडे जातो, नाहीतर पाकळ्या रेडिएटरच्या जाळीत बसतात.

नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरांत सर्वात जास्त सैलावते. ढिलाई मॅन्युअलप्रमाणे ठेवा. ओ-रिंगची चेन केरोसिनने पुसा, पेट्रोलने रबरी रिंगा खराब होतात. सोलापूरच्या धुळीत वंगण थोडंच लावा आणि जास्तीचं फडक्याने टिपून घ्या.

आता सजावट

बदल करताना माझा क्रम पक्का आहे: आधी जे शरीराला लागतं ते, मग जे रस्त्याला लागतं ते, आणि आवाज-दिखावा सर्वात शेवटी. पहिल्या गटाला बहुतेकदा पैसेच लागत नाहीत. क्लच आणि ब्रेकची लिव्हर अशी फिरवा की बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत येईल. गिअरच्या पेडलची उंची तुमच्या बुटाप्रमाणे लावा. पेडलच्या दांडीवर दोन नट असतात, त्यातल्या एकाची आटी बऱ्याचदा उलटी असते, जोर लावण्याआधी बघून घ्या. मनगटं दुखत असतील तर हँडल बदलायच्या आधी टाकी गुडघ्यांनी घट्ट धरून, पोटाच्या जोरावर बसून बघा. बऱ्याच जणांचं दुखणं तिथेच थांबतं.

त्यानंतर सस्पेन्शन. याकडे फार कमी लोक बघतात, आणि मला विचाराल तर गाडीतला सर्वात मोठा फरक इथेच पडतो. स्प्रिंग कारखान्यात कुठल्यातरी सरासरी वजनासाठी लावलेली असते. तुम्ही पंचावन्न किलोचे आहात की नव्वदचे, हे तिला ठाऊक नाही. हजारेक किलोमीटरनंतर सील आणि बुश मोकळे झाले की मोजा.

दोन मित्र आणि एक टेप हवा. गाडी साइड स्टँडवर कलती करून मागचं चाक उचललं जाईल असं करा. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर शेपटीवर एक खूण करा आणि अंतर घ्या. समजा ५६० मिलिमीटर आलं. मग हेल्मेट-जॅकेटसह नेहमीसारखे बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा. एकाने समोरून हँडल धरायचं, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचं. आता ५२८. म्हणजे तुमच्या वजनाने गाडी ३२ मिलिमीटर बसली. रस्त्यावरच्या स्पोर्ट बाईकला साधारण ३० ते ३५ चांगलं. ४५ आलं तर गाडी मागून खचतेय. हेडलाइट आभाळाकडे बघतो, वळताना पुढचं चाक हलकं वाटतं, खड्ड्यात बुड आपटतं. हुकाच्या पान्याने प्रीलोडची (स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण ठरवणारी) रिंग एक-दोन घरं आवळा आणि परत मोजा. २० आलं तर सैल करा. मागे रोज कुणी बसत असेल तर त्यांना बसवून वेगळं माप घ्या.

टायर बदलायचे तर रबर चांगलं घ्या, रुंदी वाढवू नका. अरुंद रिमवर जाड टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि वळणातली गाडी अचानक कलते.

चेन फिरवणाऱ्या पुढच्या दातेरी चकतीचा (स्प्रॉकेटचा) एक दात कमी करून 'पिकअप' वाढवतात, ते गणितही बघून घ्या. १४ चा १३ केला तर त्याच वेगाला आरपीएम जवळपास पावणेआठ टक्के जास्त. शहरात मजा, हैदराबाद रस्त्याला नळदुर्गपर्यंत कलकलाट. आणि ज्या गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सपाशी असतो त्यांचा स्पीडोमीटरही चुकतो.

जादा दिव्यांची गरज मी समजू शकतो. रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली समोर आली की हेडलाइट अपुरा वाटतो. ६० वॉटचे दिवे १२ व्होल्टवर ५ ॲम्पियर ओढतात. मूळ वायर सोलून जोड मारू नका, बॅटरीवरून रिले आणि फ्यूज घालून वेगळी लाइन घ्या. आणि झोत खाली ठेवा. समोरच्याचे डोळे दिपले तर धोका तुम्हालाच आहे.

एअर फिल्टर मात्र कंपनीचाच राहू द्या. जास्त हवा सोडणारा फिल्टर जास्त धूळही सोडू शकतो, आणि आपल्याकडे धुळीची कमतरता नाही.

सायलेन्सर

१ एप्रिल २०२० पासून विकलेल्या सगळ्या नव्या गाड्या बीएस६, म्हणजे धुराच्या कडक नियमांत बसणाऱ्या. सायलेन्सरच्या वाटेत धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि ऑक्सिजन सेन्सर. तो सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) सांगतो, आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. ही दुरुस्ती एका मर्यादेतच होते, तीही मुख्यतः निवांत वेगात. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ईसीयू आधी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. तो तक्ता मूळ सायलेन्सरसाठी बनलेला. मोकळा सायलेन्सर लावला की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं, ज्वलन जास्त तापतं. लहान इंजिनात नुसता सायलेन्सर बदलून मिळणारी ताकद नगण्य. वाढतो तो आवाज, आणि आवाजामुळे वेग वाढल्यासारखा वाटतो. तो आवाज तुमच्या गल्लीतल्या तान्ह्या बाळालाही ऐकू जातो, परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या पोरीलाही. मला हा बदल मुळीच पटत नाही.

कायद्यालाही पटत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील कंपनीच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतरचं कलम १८२अ बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, सांगतं. रंगही आरसीवर लिहिलेला असतो, त्यामुळे अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा तर आधी आरटीओत विचारा. उच्च सुरक्षा (एचएसआरपी) नंबर प्लेट काढून बारीक, कलती, नक्षीदार प्लेट लावणं तर पहिल्याच नाक्यावर पकडलं जातं.

मागच्या चाकाचं साडी गार्ड पोरं सर्वात आधी काढून फेकतात, कारण ते स्पोर्ट बाईकला शोभत नाही म्हणे. पण गाडीवर कधीतरी आई बसते, बहीण बसते. मागची सीट उंच, चेन आणि आरे उघडे, पदर किंवा ओढणी खाली लोंबते. ती एकदा चाकात गेली की सावरायला वेळच मिळत नाही. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी ही सोय केंद्रीय मोटार वाहन नियमांतही सांगितलेली आहे. ते गार्ड ठेवा.

ज्या बदलांना परवानगी आहे तेही लावण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा, कारण न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला पुरेसं कारण ठरू शकतो. काढलेले मूळ भाग, बोल्ट-वॉशरसकट, एका खोक्यात नाव लिहून घरातच ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक तेच मागतं.